ने

बोट मंद्राकीला लागली तेव्हा उतरलो आम्ही सातजण,
दोन शेळ्या
आणि एक वॉशिंग मशीन.
न्यायला माणसं आली होती ती मशीनला.

सेवास्तीबाईंची खोली समुद्राच्या अगदी अंगावर.
खिडकी निळी, पण पोस्टकार्डात असते तेवढी नाही,
मिठानं खाल्लेली.
समोर गियालीचं बेट, अर्धं कापून नेलेलं,
त्याला चिकटून दगड भरणारं जहाज.
तो दगड पाण्यावर तरंगतो, बाईंनी हातांनी दाखवलं,
आमची माणसंही तशीच,
एकदा पाण्यात पडली की लांब जातात.

त्यांना इंग्रजी शब्द चाळीसेक,
मला ग्रीक तीन:
पाणी, आभार, आणि ने.
ने म्हणजे हो.
खोली रिकामी आहे? ने.
कॉफी मिळेल? ने.
आणि दर वेळी मी मनात दचकायचो,
काय नेऊ, बाई?
कुठे नेऊ?

निकितासची बस रोज दहाला विवराकडे जाते.
वाटेत देऊळ दिसलं की तो स्टिअरिंग सोडून
छातीवर क्रूस काढतो,
आणि या रस्त्यावर देवळं फार, वळणं त्याहून फार.
मागच्या सीटवरच्या जर्मन आजीबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

खाली राक्षस आहे, निकितास सांगतो.
समुद्राच्या देवानं शेजारच्या बेटाचा तुकडा मोडून
त्याच्यावर फेकला, तो अजून कण्हतो.
सांगण्याचा सूर असा,
जणू वरच्या मजल्यावरच्या कुणाची पाठ धरली आहे.
सत्त्याण्णव साली फार तळमळला,
चुलत्याची भिंत उभी फाटली.
हल्ली बरा आहे.

विवरात उतरलो.
पांढरट, पिवळी, पोकळ जमीन,
पाऊल आपटलं की खालून उत्तर येतं.
वास भिजलेल्या आगपेटीचा.
एका भोकाशी वाकलो,
कडेला गंधकाच्या सुया, इतक्या नाजूक
की श्वासानं मोडतील म्हणून तोंड फिरवलं.
मी वाढलो तो काळा दगडही असाच ओतला गेला होता,
शाळेत शिकवलं होतं, चार मार्कांपुरतं.
तळपायांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तेवढ्यात उजव्या बुटाचा तळ सुटला.
गोंद वितळला होता.
जीभ बाहेर काढून बूट फटफटत चालला,
आजीबाई पहिल्यांदाच हसल्या,
निकितासनं तारेनं बांधून दिला.
दर उन्हाळ्यात पाच-सहा, तो म्हणाला,
राक्षसाला काहीतरी चघळायला लागतं.

रात्री सेवास्तीबाईंनी पलंगाखालून खोका ओढला.
तपकिरी बूट, नाड्या नव्या.
पान्तेलिसचे. मुलगा.
अस्टोरियात फ्रिज दुरुस्त करतो,
अकरा वर्षं.
परत यायचंच आहे, ओझं कशाला, म्हणून ठेवून गेलेला.
दर ईस्टरला त्या पॉलिश करतात.
मी विचारलं, खरंच घालू?
ने, त्या म्हणाल्या.

एक नंबर मोठे होते. पुढे वर्तमानपत्र कोंबलं.
दुसऱ्या दिवशी बसची वाट न बघता
वरच्या गावापर्यंत चढलो, बदामांच्या पायऱ्यापायऱ्यांतून.
दोन म्हाताऱ्यांनी आधी पायांकडे पाहिलं,
मग तोंडाकडे,
मग पुन्हा पायांकडे,
आणि खुर्ची पुढे सरकवली.
एकानं मला बरंच काही विचारलं.
मी ने म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
त्याचे डोळे भरले.
कशाला हो म्हणून बसलो, अजून माहीत नाही.

निघायच्या दिवशी बूट पुसायला घेतले,
तर बाईंनी फडकं काढून घेतलं हातातून.
तळाला पिवळी माती होती, टाचेला ओरखडा.
तो ओरखडा त्यांनी अंगठ्यानं चाचपला,
आणि बूट खोक्यात न घालता
दाराबाहेर ठेवले,
आत माणूस असल्यावर ठेवतात तसे.

बोटीवर मी सपातांत.
गियाली डाव्या हाताला, आणखी थोडं कमी झालेलं.
भाडं राहिलं होतं एका रात्रीचं,
ते धक्क्याच्या पार मागे गेल्यावर आठवलं.