दोन ते आठ

धुळ्याहून निघालो तेव्हा चांदण्या होत्या.
बॅगेत रिले, थर्मोस्टॅट, गॅसची लहान टाकी,
आणि फडक्यात कळण्याची भाकरी.
शिरपूरपर्यंत महामार्ग असा
की मांडीवरच्या पेल्यातला चहा सांडू नये.
टोलनाक्यावर गाडी थांबत नाही आता,
काचेवरची चिठ्ठी स्वतःच पैसे देते.
मग उजवीकडे आंबापाणीचा फाटा,
आणि शेवटच्या चौदा किलोमीटरला
दीड तास.

माझं काम विचाराल तर
दोन अंशांच्या खाली उतरू द्यायचं नाही,
आठाच्या वर चढू द्यायचं नाही.
बाहेर मे महिना, पंचेचाळीस,
डांबर चपलेला धरून ठेवतं.
आत, त्या सहा अंशांच्या अरुंद बोळात,
गोवर, घटसर्प, डांग्या खोकला यांचे उतारे
काचेच्या बाटल्यांत रांगेनं बसलेले.

फाट्यावर केळीची गाडी भेटली.
पांढरी, बंद दारांची, गुरगुरणारी.
"साडेतेराना वर गयं तं मालकना फोन येस, भाऊ,"
ड्रायव्हर म्हणाला.
केळीवर माझा राग नाही.
तशी चेंबरं बसवूनच मी दोन वर्षं पोट भरलं.
पण जामसिंग बारेलाच्या पाठीवरचा निळा डबा
पट्ट्याऐवजी सायकलच्या ट्यूबनं बांधलेला,
आणि त्याला कुणाचा फोन येत नाही.

केंद्रातला फ्रिज मुका.
सोमवारच्या वादळात अकरा खांब आडवे,
जाता जाता विजेनं असा झटका दिला
की थर्मोस्टॅट काळाठिक्कर.
वायरमन म्हणाला, "सकाय ऊनी तं ऊनी."
छपरावर सोलरच्या चार पाट्या चमकतात,
त्यांच्या बॅटऱ्यांचा प्रस्ताव
नाशिकला आहे, की पुण्याला, की परतीच्या वाटेवर.

मी नोंदवही उघडली.
सकाळ चार, संध्याकाळ चार.
पोळ्याच्या दिवशी चार, रविवारी चार,
कॉम्प्रेसर जळाला म्हणून मीच आलो होतो
त्या आठवड्यातही चार.
हेच चार वर चढत गेले,
जिल्ह्यात, राज्यात, मग दिल्लीत,
पडद्यावर हिरवा ठिपका झाले,
आणि कुणीतरी एका भाषणात
त्या ठिपक्यांची बेरीज केली.

अठरा एप्रिलपासून अक्षर बदललं होतं.
नवीन नर्स, कोकिळा सैंदाणे.
६.१. ७.४. ५.८.
आणि सोमवारी रात्री: ११.
पुढचे आकडे मी मोठ्यानं वाचले नाहीत.
खाली, त्याच निळ्या शाईत:
"बाटल्या ९२. चौकोन काळा. वापरू नये."

बाटलीवर छोटं वर्तुळ असतं, आत चौकोन.
झळ बसेल तसा चौकोन काळवंडत जातो,
वर्तुळाइतका झाला की संपलं.
त्याला चार लिहिता येत नाही.

ताईंच्या टेबलावर कागद होता,
पेपरवेटऐवजी वर स्टेथोस्कोप.
"नासाडीचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा."
आधीच्या अक्षराला कधी कागद आला नव्हता.
"काय लिहिणार?" मी विचारलं.
"अकरा," त्या म्हणाल्या.

बाजारातल्या हमीद पिंजारीनं जनरेटर ढकलत आणला.
"एक दिवस कुल्फी पातळ विकू," म्हणाला,
आणि फ्रिज खोकत खोकत सुरू झाला.
दुपारी जामसिंग शिरपूरहून नवा साठा घेऊन आला.
पाड्यांवर न्यायचे डबे भरायचे होते.
ताई बर्फाची एकेक चपटी डबी
कानाशी धरून हलवत होत्या.
आत जरासं पाणी डुचमळायला हवं,
नाहीतर लस गारठूनही मरते,
उन्हानं मरते तशीच.

ओट्यावर रुमली पावरा,
झोळीत झोपलेलं पोर,
आठवड्यात दुसऱ्यांदा नऊ किलोमीटर चालून आलेली.
काही बोलली नाही.
ताईंकडे बघत राहिली,
मग उठून तिनंही एक डबी उचलली
आणि कानाला लावली.