टाच आणि चवडा

एकतीस वर्षं मी टाचा चिकटवल्या.
तर्झिचच्या बुटांच्या कारखान्यात, तिसऱ्या रांगेत,
खिडकीपासून लांब.
माझ्या शेजारी झोफ्का चवडे शिवायची.
टाच माझी, चवडा तिचा.
मधल्या कमानीशी आम्हा दोघींचं
काही देणंघेणं नव्हतं.

आणि आता बासष्टाव्या वर्षी
त्सिरिल म्हणतो, एका पायाचे दोन कर.

ल्यूबेलच्या खिंडीतून खाली उतरणारा रस्ता.
त्याची लाल झास्तावा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान,
खोकला मात्र माझ्या वयाचा.
तरुणपणी ह्याच चढावर तो शर्यती मारायचा,
म्हणजे असं तोच सांगतो.
कपाटात कप एकच आहे,
त्यात त्याची बायको बटणं ठेवायची.

"चवडा ब्रेकवर. तिथून हलवायचा नाही.
डाव्या पायाने क्लच, पूर्ण खाली.
आता घोटा वळव, टाच ॲक्सिलरेटरवर,
टेकव नुसती.
दारावर टकटक करायची आहे, दार तोडायचं नाही.
इंजिन ओरडलं की तिसऱ्यातून दुसऱ्यात.
सोड क्लच."

मी सोडला.
असा हिसका बसला की
मागच्या सीटवर झोपलेला मुर्को,
चौदा वर्षांचा म्हातारा कुत्रा,
धपकन खाली पडला.
वर चढताना त्याने उसासा टाकला,
माझ्याकडे नाही, त्सिरिलकडे बघून.

ह्या हाताचं त्या हाताला कळू नये, म्हणतात.
पायाला ते कोण सांगणार?
टाच जरा हलली की चवड्याला लगेच कळतं,
तोही उठतो तिच्याबरोबर, ब्रेक सुटतो,
नाहीतर टाचेचा सगळा हुरूप
ब्रेकमध्ये उतरतो
आणि आमची कपाळं काचेकडे.

"पण कशाला हे?" मी विचारलं.
"ब्रेक दाबावा, गिअर टाकावा, झालं."
तो म्हणाला, "खालचा गिअर म्हणजे
इंजिनाला जास्त पळणं आलं.
आधी त्याला पळव, चाकांना गाठू दे, मग जोड.
नाहीतर चाकं त्याला फरफटत नेतात.
फरफट कळते ना?"

कळते.
त्या गुरुवारी दुपारी दोन वाजता
फाटकावर कागद लावला होता.
चौथ्यातून एकदम पहिल्यात,
कुणी टाच टेकवली नाही.
हिसका अजून मानेत आहे.
हे मी त्याला सांगितलं नाही,
पुढे वळण आलं होतं.

घरी येऊन मी पेटी उघडली.
चाकू, कानस, डब्याच्या तळाशी वाळत आलेला गोंद.
उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला
रबराची एक पट्टी बसवली, करंगळीएवढी,
म्हणजे पाय न ताणता पोचेल.
रात्रभर वजनाखाली ठेवली.
हजारो टाचांमध्ये ही पहिली,
जी कुठे जाणार हे मला माहीत होतं.

शनिवारी धुकं होतं. पुढे लाकडांचा ट्रक,
ओल्या सालीचा वास थेट गाडीत.
चवडा ब्रेकवर. क्लच.
टाच टेकली, इंजिनाने वरच्या पट्टीत हाक दिली,
आणि दुसरा गिअर असा पडला
जसा सरळ शिवणीतला टाका,
पडल्यावर दिसतसुद्धा नाही.

त्सिरिल काहीच बोलला नाही.
त्याने काच थोडी खाली केली,
जणू गाडीत अचानक उकडायला लागलं होतं.
मी आरशात पाहिलं.
मुर्को घोरत होता.

पुढच्या वळणावर, अर्थात,
धप.