ब्रेक हाकरी

उद्यमबागेत बावीस वर्षं
मी ब्रेकच्या डिस्क तपासते.
गेजची सुई टेकवायची, बोटानं चकती फिरवायची,
सुई जास्त थरथरली की लाल खडू,
नाहीतर पुढची.
लाखांनी चकत्या हाताखालून गेल्या,
त्यातली एकही मी कधी
जीव खाऊन दाबली नव्हती.

भाच्यानं, शुभंकरनं, परस्पर नाव घातलं.
हत्तरगीच्या अलीकडं बंद साखर कारखान्याचं आवार.
जिथं उसाचे ट्रॅक्टर रांगेत रात्र काढायचे
तिथं आता चुन्याच्या रेघा, जुने टायर, नारिंगी शंकू,
आणि वजनकाट्याच्या खोलीत चहा, हेल्मेटं, एक फॉर्म:
काही झाल्यास जबाबदार मी स्वतः.
एकदा कन्नडात, एकदा इंग्रजीत.
मी सही मराठीत केली.

हेल्मेटला कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास.
माझी वॅगनार, मागच्या सीटवर
अजून बाजारातल्या कोथिंबिरीची काडी.
शेजारी ईराप्पा पूजेर,
एकेकाळी रॅलीत पळवलेले, आता गुडघ्याला पट्टा.
"निधान, अक्का, निधान."
त्यांच्याकडं याचा अर्थ सावकाश.
आमच्याकडं, पुरून ठेवलेलं धन.
सावकाश गेले म्हणून तर सापडलं:
वळण आधी डोळ्यांनी घ्यायचं असतं,
चाकं मागून येतात.
"मुंदे नोडरी," म्हणजे पुढं बघा,
आणि मी बघत होते बॉनेट.

दुसरी फेरी. तिसरी.
चौथीला सरळ पट्ट्यावर काटा नव्वदला,
खिडकीतून मळीचा जुना आंबूस वास,
आणि समोर टायरांची भिंत
मोठी मोठी होत निघालेली.
ईराप्पा ओरडले.
ब्रेक हा शब्द इंजिनानं गिळला,
उरलं तेवढं कानात पडलं:
हाकरी!

आता मी टिळकवाडीत वाढलेली,
शेजारी तीन घरं कन्नड,
हाक म्हणजे घाल, लाव, टाक,
हे मला पाळण्यापासून ठाऊक.
पण भीतीला दुसरी भाषा येत नाही.
तिनं ऐकलं
बेळगुंदीच्या आजोबांचं, बैलगाडीतलं.
हाक.
मी हाकली.

मग टायर, आभाळ, वजनकाटा, आभाळ,
शुभंकरचं उघडं तोंड,
आणि मधेच कुठंतरी उजवा पाय
आपला आपण खाली गेला, पार तळापर्यंत.
पेडल थडथडलं तळव्याखाली.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
चकती मला तपासत होती.

थांबले. तोंड आले त्या दिशेला. धूळ. गाडी बंद.
एक पोरगा पिवळा झेंडा हलवत पळत आला.
आमच्या गावात झेंडा दिसला की आधी धस्स होतं,
कुणाचा, कशासाठी,
दुकानं मिटवायची काय.
इथं पिवळा म्हणजे एवढंच,
पुढं कुणीतरी अडकलंय, जपून या.

ईराप्पांनी हेल्मेट काढलं.
वाटलं, आता कन्नडातून येणार सगळं.
ते गुडघा धरून हसत सुटले.
"अहो, मी ब्रेक हाकरी म्हटलं,
तुम्ही गाडी हाकली!"
हे मात्र मराठीत.
"घाबरलीस काय गे मावशी?" शुभंकर.
नाही म्हटलं. बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत चाकापाशी उकिडवी बसले.
फटीतून डिस्क दिसत होती, कडेला निळसर,
वास आमच्या भट्टीचाच,
पण हा माझ्या पायानं तापवलेला.
शिक्का शोधला. आमचा नव्हता,
कुठल्या तरी चेन्नईवाल्यांचा.
काम बरं होतं पण. मान्य केलं.

दुपारी आणखी सहा फेऱ्या होत्या.
बेल्ट लावता लावता ईराप्पांनी विचारलं,
आता सांगू कुठल्या भाषेत?
म्हटलं, काही बोलू नका.
डॅशबोर्डवर नुसती एक थाप मारा.