टोकाला टोक

नारीनहून जीप आली तेव्हा
पिठाच्या दोन पोत्यांवर बसून
माझं खोकंही आलं: प्लास्टिकचे आकार, नग बारा.
तिसऱ्याच दिवशी कुत्र्याने गोल पळवला.
पिवळा होता. एकच होता.

आठ मुलं आहेत. कुरणावर गवत आहे तोवर शाळा;
पहिलं बर्फ पडलं की घोडे, भांडी, मी,
सगळे खाली.
त्याआधी मुलांना गोल यायला हवा,
असं जिल्ह्याच्या कागदात लिहिलंय.

उलुकमान म्हणाला, एजे, वर आहे की गोल.
खरंच होता. तंबूच्या माथ्यावरचं तुंदुक,
धूर जायला, ऊन यायला तेवढंच एक भोक.
त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा
बुरणुसावर पाहुण्यासारखा बसला होता.
आम्ही त्याच्या कडेकडेने कुरुत मांडले,
वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे
(दोन खाल्ले गेले, ते मी मोजले नाहीत).
चहा झाला. वळून बघतो तर
कुरुत जागच्या जागी, आणि ऊन
हातभर सरकून पेटीवर चढलेलं,
कोपऱ्याशी मोडून अर्धं इकडे, अर्धं तिकडे.
"पळाला!" साल्कीन ओरडली,
"आणि पळता पळता अंडं झाला."
त्या आकाराला पुस्तकात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.
पण तिचा शब्द बरा वाटला. ठेवला.

लांबीचा धडा दोरीने सुरू झाला.
आक्तानने शिंगराच्या गळ्यातली आणली, वेटोळं घातलेली,
शेजारी एक सरळ काठी.
लांब कोण?
सगळी म्हणाली, काठी.
दोरी झोपलीय ना, ती कशी लांब असेल?
मग एकाने पाय दिला, दुसऱ्याने ओढली,
दोरी दाराबाहेर गेली, राखेच्या ढिगापलीकडे गेली,
घोडीच्या खुंटापाशी जाऊन थांबली.
आठही तोंडं गोल.
तो धडा असा आपोआप झाला.

टोकाला टोक लावा, मी सांगते. रोज सांगते.
एक टोक जुळलं नाही
तर दुसऱ्याने कितीही पुढे जावं, ते खोटं.
आणि आक्तान, तुझी वीत तुझी, तिची वीत तिची,
भांडू नका.

बेगिमायची आई येकातेरिनबर्गला, शिवणकारखान्यात.
जाताना, मार्चात, तिने लेकीच्या वेणीच्या मापाचे
दोन लाल दोरे तोडले,
एक स्वतःच्या पाकिटात, एक हिच्या खिशात.
काल पोरगी वेणी खांद्यावरून पुढे घेऊन
दोऱ्याशी लावत बसली होती. मग माझ्याकडे आली.
"एजे, दोरा आखूड झाला."

मी खाली बसले. वरचं टोक तिच्या कानामागे धरलं,
टोकाला टोक, नीट, शिकवते तसं.
खाली वेणी दोन बोटं पुढे.
धडा सोपा होता: दोरा तेवढाच असतो गं.
ओठांपर्यंत आला, परत गेला.
"तिकडचाही झाला असेल?"
तिकडचा म्हणजे आईचा.
मी म्हटलं, दोन्ही सारखेच तोडले होते ना?
तिने पुन्हा लावून पाहिलं. एक बोट. दोन बोटं.
"मग मीच लांब झाले," म्हणाली,
आणि कुणाला तरी सांगायला पळाली,
घोडीला बहुधा. जवळपास तीच होती.

वहीत तिच्या नावापुढे मी लिहिलं:
लांब-आखूड, येतं.

आज गोल सापडला, मेंढरांच्या कोंडवाड्यामागे,
एका बाजूने कुरतडलेला.
उलुकमान म्हणतो, आता हा गोल नाही.
साल्कीन म्हणते, गोलच आहे, कुत्र्याने खाल्लेला.
वाद चालू आहे. कुत्रा मध्ये बसून ऐकतोय.
मी उठले. दूध वर येत होतं.