अपूर्ण वर्तमानकाळ

रात्री साडेनऊला भांडी पालथी घातली
की मी गच्चीवर येते. खाली रेंज नाही,
टाकीला टेकलं तर दोन काड्या.
कानात एकच हेडफोन, डावा.
उजवा दिवाळीत हरवला तो हरवला.

ॲप म्हणतं, वेलकम बॅक, आयोढ्या.
मी म्हणते, अयोध्या.
ट्राय अगेन.
स्वतःचं नाव चुकल्याचे पाच गुण गेले.

आजचा धडा : आत्ता चाललेली कामं.
चित्रातली बाई पुस्तक वाचत आहे.
चित्रातली बाई कुत्रा फिरवत आहे.
नळाची वाट बघणारी बाई
कुठल्याच चित्रात नाही.
जालन्यात आमच्या गल्लीला आठव्या दिवशी पाणी, आज सातवा.
मी म्हणते, वाटर. ट्राय अगेन.
वॉटर. ट्राय अगेन.
वॉटर!
शेजारच्या कठड्यावरून नसीमआपा विचारते,
'काय गं, टँकर आला का?'

कंपनीत मी बियाणं मोजते.
ओल्या कागदाच्या गुंडाळीत कापसाचे शंभर दाणे,
किती उगवले, किती नुसते फुगले, किती कुजले.
हे तीन शब्द इंग्रजीत आले
की मोजणीच्या टेबलावरून रिपोर्टच्या टेबलावर,
महिन्याला बाराशे जास्त.
दोन आले. कुजलेला
जिभेवर बसायला तयार नाही.

पावणेदहाला ऐगुल येते.
कझाकिस्तानात कुठंतरी पावाच्या भट्टीवर असते,
तिचं घड्याळ माझ्यामागं अर्धा तास.
तिचं इंग्रजी माझ्यासारखंच,
एका पायात चप्पल, एका पायात बूट.
ती 'द' विसरते, मी नको तिथं लावते,
दोघींचं मिळून एक वाक्य बरोबर येतं.

ती विचारते, व्हॉट आर यू डूइंग?
दरवेळी मी आधी थांबते.

मानवतच्या शाळेत, सातवीला, नवे सर आले, घाटाकडचे.
'काय करते आहेस?'
'लिव्हायलेय, सर.'
सर एकटेच हसले. वर्गाला कळलंच नाही कशाला,
सगळ्यांच्या घरी हेच.
म्हणाले, असा शब्द मराठीत नाही.
लिहीत आहे, म्हण.
वीस वेळा वहीत, डावीकडं समास सोडून.
त्या वर्षी मी नंतर
बोट वर केलं नाही.

आणि हे ॲप आठवडाभर
तेच घोटून घ्यायलंय माझ्याकडून :
काम सुरू आहे, संपलेलं नाही, हात त्यातच आहे.
अरे, हे तर मला येत होतं.
माझ्या आईला येत होतं, चुलीपुढं बसून,
'थांब, भाकर टाकायलेय.'

ऐगुल परत विचारते, व्हॉट आर यू डूइंग?
तेवढ्यात खाली नळानं घसा खाकरला.
सातव्याच दिवशी! गल्लीतल्या मोटरी एकदम सुरू,
कुणाचीतरी बादली जिन्यावरून गडगडली.
वॉटर, मी ओरडले, वॉटर इज कमिंग!
ऐगुलला पहिल्या झटक्यात कळलं.
गो, गो, म्हणाली, पण फोन ठेवला नाही.

मी मोबाइल ओट्यावर उभा केला, नळी पिंपात सोडली.
पदर ओला, हातात हंडा, आणि तिकडून तिचा आवाज,
आता व्हॉट आर यू डूइंग?

'भरायलेय,' मी म्हणाले.
तोंडातून गेलंच.

'बरायले,' ती म्हणाली.
मी ट्राय अगेन म्हटलं नाही.

कुजलेला राहिला तो राहिलाच.
उद्या बघू.