नाव, नाव

पीबेच्या कंट्रोलरमध्ये आधी एकच मॉडेल होतं:
उतारू.
किती जण, कोण कोण, कुणाबरोबर सायकल, कुणाबरोबर मेंढी.
मार्चमध्ये समुद्रावरचा बर्फ फुटला
आणि बेटावरच्या कचेरीतून निरोप आला
की यादीवर बोटही हवी.
तिने त्याच कंट्रोलरमध्ये दुसरं मॉडेल बोलावलं,
ओळीखाली ओळ,
दाराशी गमबुटांच्या दोन जोड्या असाव्यात तसं.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत
हे एस्टोनियात तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.
राहिल्या.

फक्त दोन्ही तक्त्यांत एक रकाना सारखा होता.
मराठीत हे सांगायला सोपं जातं:
उतारूचं नाव, आणि नावेचंही नाव नावच.
पीएचपीच्या अ‍ॅरेत एका किल्लीला एकच खण.
मागून आलेला आधीच्याला उठवतो आणि बसतो.
भांडण नाही. पडद्यावर तांबडी अक्षरं नाहीत.

शनिवारी सव्वासातला धक्क्यावर
काल्यूने यादी छापून घेतली.
त्रेचाळीस उतारू. त्रेचाळीसही हेल्वे.
यादी मोठ्याने वाचायची असा नियम,
आणि तो एकतीस वर्षं वाचत आलेला.
हेल्वे.
कुणी हललं नाही.
हेल्वे.
मग माल्ले, रोपांचं खोकं छातीशी धरून, म्हणाली, आहे.
तिच्यामागचा दाढीवाला कोळी म्हणाला, आहे.
शाळेची पोरं तर ओरडलीच.
आणि दोराला ताण देत धक्क्याच्या टायरांना अंग घासणारी
पत्र्याची, खरी हेल्वे
तीही कुठेतरी खालून करकरली.

पीबेला फोन गेला. ती तार्तूत, अंथरुणात.
तिने एक टिंब दिलं.
तक्ता, टिंब, रकाना,
आणि बोटीला घरातलं दुसरं एक नाव.
आपणही देत होतो की असं टिंब पूर्वी,
माणसाच्या नांवावर, होडीच्या नाही.
मग ते पुसलं गेलं,
आणि तेव्हापासून वाक्यात कोण बुडतंय
ते संदर्भावरून ओळखायचं.

दुपारची यादी बिनचूक.
काल्यूने वाचली, लोकांनी खिशातले हात
जेमतेम वर केले.
सकाळचा कागद त्याने टाकला नाही.
केबिनच्या काचेला उलटा चिकटवलाय,
कोऱ्या बाजूवर
रोजचा वारा लिहितो.