अपूर्ण वर्तमानकाळ

फळ्यावर लिहिलं : ही इज गोइंग.
खाली, पुस्तकात होतं तसंच : तो जात आहे.
पाचवीच्या सतरा पोरांनी उतरवून घेतलं
आरोग्यसेविकेची गोळी गिळावी तसं,
तक्रार न करता, चवही न घेता.

"याच्यात इज कुठं हाये, मॅडम?" आचल ढोके.
'आहे' म्हणजे इज.
"आन् आयएनजी?"
'जात'मधला त.
तिनं त कडे पाहिलं, मग माझ्याकडे.
एवढ्याशा त वर तिचा भरवसा बसेना.

तेवढ्यात मुजम्मिल खिडकीतून ओरडला,
"मॅडम, बकरी मेंदी खाऊन राह्यली!"

चौदा वर्षांच्या सवयीनं तोंडात आलंच होतं :
खात आहे म्हण. शुद्ध बोल.
खडू हातातच राहिला.
खाऊन. ईटिंग.
राह्यली. इज.
डाव्या पायात डावी चप्पल, उजव्यात उजवी.

डी.एड.ला असताना माझ्या एका 'येऊन राह्यली'वर
अख्खा वर्ग हसला होता.
सरांनी उभं करून पाच वेळा म्हणवून घेतलं : मी येत आहे.
तेव्हापासून येतच आहे मी वर्गात,
जीभ दाराबाहेर काढून ठेवून.

'जात आहे' पुसलं. लिहिलं : जाऊन राह्यला.
मग आवरेनात.
मॅडम इज रायटिंग. खिचडी इज कुकिंग.
सुगत इज स्लीपिंग, नाई मॅडम, खोटं हाये!
बकरी तर मेंदी संपवूनच गेली,
तिला कोणी हाकललं नाही, ती उदाहरण होती.

रोजचं मात्र वेगळं, मी सांगितलं.
रोज होतं, त्याला राह्यला लागत नाही.
एकटा कोणी असला तर क्रियापदाला
बकरीच्या शेपटीएवढा एस.
आई वेचते कापूस : पिक्स.
एसटी उशिरा येते : कम्स लेट.

गृहपाठ : माझे वडील. पाच वाक्यं, दोन्ही काळांत.

सुगत इंगळेची वही :
माय फादर वर्क्स इन सूरत.
ही वर्क्स अॅट नाइट.
ही सेंड्स मनी.
ही कम्स इन दिवाळी.
पाचवी ओळ कोरी.
काहून रे, आयएनजी एकही नाही?

"आता बाबा काय करून राह्यले, मले का मालूम?
दिसत नाई तं कसं लिवू?"

असा नियम कुठल्या पुस्तकात नाही.
मी चूक शोधत राहिले, सापडली नाही.

मधल्या सुट्टीत माझा फोन दिला.
नंबर त्याला पाठ होता.
बराच वेळ वाजला, मग तो एकदम मोठ्यानं,
"बाबा, काय करून राह्यले?"
ऐकलं. मान हलवली, जशी काही पलीकडे दिसणार होती.
स्क्रीन सदऱ्याला पुसून फोन परत दिला
आणि पेन्सिलीनं पाचवी ओळ :
माय फादर इज स्लीपिंग.
थांबला. खोडलं. झोपले होते, मीच उठवलं ना.
इज टॉकिंग.
फोन तर ठेवला.
तेही खोडलं.

कागद तिथं पातळ झालाय, पलीकडचं पान दिसतं.
घंटा झाली, एसटीही येऊन गेली.
लाल पेन उघडंच.
तपासून राह्यली.